दुसऱ्याची कुकी, तिसऱ्याच्या हाती

अकरा वर्षं आधी : ऑक्टोबर २००९

गिटहब तेव्हा दीड वर्षाचं होतं. प्रोग्रामरांनी आपला कोड ठेवावा, दुसऱ्याचा वाचावा, त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात अशी ही जागा. त्या महिन्यात कंपनीने जाहीर केलं की आपली साइट आता युनिकॉर्न या वेब सर्व्हरवर चालते.

एरिक वाँग यांनी लिहिलेला हा सर्व्हर स्वभावाने सरळमार्गी. एक मुख्य प्रोसेस, तिच्या हाताखाली अनेक कामकरी प्रोसेस, आणि प्रत्येक कामकरी एका वेळी एकच रिक्वेस्ट घेणार. ती हातावेगळी झाली की पुढची. एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, सोडायचे आणि मग एकाने लिहिलेलं दुसऱ्याने पुसलं म्हणून कपाळाला हात लावायचा, ही भानगडच नको. गिटहब ज्यावर उभं आहे त्या रूबी ऑन रेल्स या रूबी भाषेतल्या चौकटीवरचा त्या काळचा बराचसा कोड थ्रेड गृहीत न धरता लिहिलेला असे. युनिकॉर्नच्या आसऱ्याला तो सुखाने नांदला.

या सर्व्हरने एक लहानशी काटकसर केली होती. कोणतं पान हवं आहे, सोबत कोणत्या कुकी आल्या आहेत, ही रिक्वेस्टची सगळी माहिती एका हॅशमध्ये, म्हणजे नाव-मूल्यांच्या तक्त्यात, भरून ॲप्लिकेशनच्या हवाली केली जाते. त्या हॅशला 'एन्व्ह' म्हणतात. दर वेळी नवा हॅश बनवला तर जुन्यांचा कचरा साठतो आणि तो उचलण्यात रूबीचा वेळ जातो. म्हणून प्रत्येक कामकरी एकच हॅश बनवी आणि दोन रिक्वेस्टच्या मध्ये तो रिकामा करून पुन्हा वापरी. छोट्या खानावळीत ताट एकच असावं, एक गिऱ्हाईक उठलं की ते विसळून दुसऱ्यापुढे मांडावं, तसं. जेवणारा एका वेळी एकच आणि वाढणाराही एकच, तोवर यात वावगं काही नाही.

२२ दिवस आधी : सोमवार, ८ फेब्रुवारी २०२१

मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब विकत घेतलं होतं आणि वापरणाऱ्यांचा आकडा साडेपाच कोटींच्या पुढे गेला होता. इतक्या लोकांपुढे नवी सोय एकदम आणत नाहीत. आधी थोड्यांना, मग आणखी थोड्यांना. त्यामुळे समोरच्या माणसाला कोणत्या सोयी खुल्या आहेत, हे साइटला सतत तपासावं लागतं. ही तपासणी रिक्वेस्ट चालू असतानाच व्हायची आणि तिचा वेळ पान उघडण्याच्या वेळात धरला जायचा.

गिटहबच्या इंजिनिअरांनी ती बाहेर काढली. तिच्यासाठी प्रोसेसमध्येच पार्श्वभूमीला एक थ्रेड ठेवला. ठरावीक अंतराने त्याने यादी ताजी करायची, रिक्वेस्टने फक्त ती वाचायची. वेग वाढवण्यासाठी कुणीही समंजस माणूस हेच करेल. ॲप्लिकेशनचे काही भाग थ्रेडसाठी सुरक्षित नाहीत, हे कंपनीला माहीत होतं. पण अन्यत्र थ्रेड आधीपासून होते आणि त्यांच्यामुळे फार तर आतल्या एरर-अहवालात एखादी चुकीची नोंद पडे. ग्राहकाला कधी काही दिसलं नव्हतं.

८ फेब्रुवारी ही कंपनीने नंतर सांगितलेल्या कालखंडाची पहिली तारीख. तिथून ५ मार्चपर्यंत दोष अधूनमधून साइटवर हजर होता. सलग नाही, सगळे दिवस मिळून दोन आठवड्यांहून कमी.

खानावळीत आता वाढणारे दोन झाले होते. ताट मात्र एकच होतं.

त्या दिवशी : मंगळवार, २ मार्च २०२१

आता सेशन म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच भीतीदायक वाटणार नाही. वेबला मुळात स्मरणशक्ती नाही. तुम्ही पासवर्ड देऊन आत शिरता आणि पुढच्या क्लिकला सर्व्हर तुम्हाला विसरलेला असतो. म्हणून लॉगिन झाल्यावर तो ब्राउझरकडे एक लांबलचक, अंदाज न करता येणारी अक्षरमाळ देतो. हीच सेशनची कुकी. ब्राउझर ती दर रिक्वेस्टबरोबर परत पाठवतो आणि सर्व्हर ओळखतो की हे अमुक. पुन्हा पासवर्ड विचारत नाही, मोबाइलवर ओटीपी पाठवत नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

याच तारखेला मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सचेंज मेल सर्व्हरमधल्या, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या चार त्रुटींसाठी तातडीच्या दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या. सोलरविंड्स कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेल्या घुसखोरीचं प्रकरण तीन महिन्यांपूर्वीचं, म्हणजे ताजंच. सुरक्षेचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात घुसखोर होते. गिटहबवर जे घडणार होतं त्यात घुसखोर कुणीच नव्हता.

शून्याआधी सात पावलं

यापुढचा हिशेब घड्याळाने होत नाही. सगळं एका मशीनवर, एका कामकरी प्रोसेसच्या आत, लागोपाठच्या मोजक्या रिक्वेस्टमध्ये उरकतं. हा क्रम नंतर गिटहबच्याच इंजिनिअरांनी पुन्हा घडवून पक्का केला.

सात. लॉगिन न केलेल्या कुणीतरी एक पान उघडलं. सर्चमधून आलेला वाटसरू असेल. त्याच्या रिक्वेस्टसाठी रेल्सने नवा कंट्रोलर, म्हणजे ती रिक्वेस्ट हाताळणारा ऑब्जेक्ट, बनवला. कंट्रोलरने एरर-अहवालाच्या लायब्ररीकडे एक कॉलबॅक नोंदवला : काही बिघडलं तर मला विचार, कोणाची रिक्वेस्ट होती ते मी सांगतो. त्या कॉलबॅकच्या हातात कंट्रोलरचा पत्ता होता आणि कंट्रोलरच्या हातात एन्व्हचा. म्हणजे ताटाचा. जेवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

सहा. पार्श्वभूमीच्या थ्रेडमध्ये काहीतरी बिघडलं. एखादी डेटाबेस क्वेरी वेळेत परतली नाही, असं काहीही, रोजचंच. थ्रेडने एररचा अहवाल लिहायला घेतला. अहवालात आजूबाजूची परिस्थिती असावी म्हणून त्याने चालू संदर्भाची नक्कल केली. त्या नकलेत वाटसरूच्या रिक्वेस्टचा कॉलबॅकही आला. या एररशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

पाच. वाटसरू गेला. ताट विसळलं गेलं. पुढची रिक्वेस्ट आली, लॉगिन केलेल्या कुणाची तरी. आपण तिला दुसरी म्हणू. तिची कुकी त्याच एन्व्हमध्ये भरली गेली.

चार. इथे थांबायला हवं, कारण सगळी गोम इथे आहे. पार्श्वभूमीचा थ्रेड आता तो कॉलबॅक चालवतो आणि विचारतो, कोणाची रिक्वेस्ट होती? पहिली रिक्वेस्ट लॉगिन केलेली असती, तर कंट्रोलरने ओळख केव्हाच पटवून स्वतःजवळ ठेवली असती आणि तीच सांगितली असती. अहवाल खरा निघाला असता, पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती निनावी होती. कंट्रोलरजवळ उत्तर तयार नव्हतं. म्हणून तो नव्याने ओळख पटवायला निघाला. त्याने आपलं एन्व्ह उघडलं आणि त्यात दुसऱ्या रिक्वेस्टची कुकी सापडली. ज्याने लॉगिनच केलं नव्हतं, त्याच्या कंट्रोलरने आता दुसऱ्याचं नाव धारण केलं.

इथे जाणकार हरकत घेतील : रूबीमध्ये तर एका वेळी एकच थ्रेड चालतो, त्यासाठी इंटरप्रिटरचं कुलूप असतं. असतं ना. पण ते कुलूप इंटरप्रिटरच्या आतल्या रचना सांभाळतं, तुमच्या कामाचा क्रम सांभाळत नाही. थ्रेड डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहू लागला की कुलूप सोडतो आणि दुसरा पुढे सरकतो. ओळख पटवणं म्हणजे अशा वाट पाहण्याचंच काम. कुलूप आहे म्हणजे आपण सुरक्षित, या समजुतीवर रूबीतला आणि पायथनमधलाही किती कोड उभा आहे याचा विचार करू नये, झोप लागत नाही.

तीन. मुख्य थ्रेडवर दुसरी रिक्वेस्ट पूर्ण झाली. तिला तिचं पान मिळालं, अगदी बरोबर.

दोन. तिसरी रिक्वेस्ट आली, हीसुद्धा लॉगिन केलेली. ताट पुन्हा विसळलं. तिची ओळख पटली, बरोबर पटली. आता फक्त पान तयार करून पाठवायचं उरलं.

एक. पार्श्वभूमीच्या थ्रेडवरचा तो जुना कंट्रोलर अजून आपल्या कामातच होता. त्याची ओळख-तपासणी संपली. नियमाप्रमाणे त्याने सेशनची कुकी एन्व्हमधल्या कुकी जारमध्ये, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या कुकींच्या बरणीत, लिहून ठेवली. कुकी दुसऱ्याची. जार त्या क्षणी तिसऱ्याचा.

शून्य

तिसऱ्याला उत्तर पोचलं. पान त्याचंच होतं, नाव त्याचं, मजकूर त्याचा. उत्तराच्या हेडरमध्ये, जिथे माणसाची नजर कधी जात नाही तिथे, दुसऱ्याच्या सेशनची कुकी होती. ब्राउझरने ती निमूटपणे जुनीच्या जागी ठेवून घेतली.

त्याला काही कळलं असेल तर पुढच्या क्लिकला. कोपऱ्यात भलत्याच माणसाचं नाव, भलत्याचेच प्रकल्प. कुणी पासवर्ड फोडला नव्हता, कुणाला फसवून लिंकवर क्लिक करायला लावलं नव्हतं. दोन पायऱ्यांच्या पडताळणीला विचारणाच झाली नाही, कारण कुकी अस्सल होती. सर्व्हरने ती स्वतः दिली होती.

एकच बरं होतं. हे कुणाला ठरवून करता येण्यासारखं नव्हतं. कोणाची कुकी कोणाला जाईल हे फक्त वेळेच्या योगायोगावर अवलंबून. पण ज्याच्या खासगी कोडची दारं अनोळखी माणसासमोर उघडली, त्याला योगायोगाचं सांगून काय समाधान होणार?

शून्यानंतर, काही तासांत

ज्याला हा अनुभव आला तो भला माणूस होता. त्याने लगेच लॉगआउट केलं आणि गिटहबच्या मदत विभागाला कळवलं. असे अहवाल बहुधा 'ब्राउझरची कॅश साफ करा' या उत्तरावर संपतात. इथे तसं झालं नाही. सुरक्षा, इंजिनिअरिंग, प्रॉडक्ट, जनसंपर्क अशा सगळ्यांचं पथक जमवण्यात आलं. आणि काही तासांतच दुसऱ्या एकाची, पहिल्याशी अजिबात संबंध नसलेल्याची, जवळपास तशीच तक्रार आली. लॉग तपासले तर दोन्ही खरे निघाले : एकच सेशन एकाएकी दोन वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून वापरलं जात होतं.

पहिला संशय गेला लोड बॅलन्सरवर. रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या थरात नुकतेच बदल झाले होते आणि कनेक्शन जिवंत ठेवण्याशी संबंधित एक दुरुस्तीही झाली होती. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कनेक्शनवर गेलं असेल, हा तर्क चांगला होता. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार निघाला. उत्तरंच अदलाबदल झाली असती तर पानही दुसऱ्याचं दिसायला हवं होतं. पान बरोबर होतं, फक्त कुकी चुकली होती. शिवाय ज्याची कुकी गेली आणि ज्याला मिळाली, त्या दोघांच्या रिक्वेस्ट एकाच मशीनवर, एकाच प्रोसेसने, जवळजवळ पाठोपाठ हाताळल्या होत्या. एका प्रकरणात अगदी एकामागून एक. दुसऱ्यात मध्ये फक्त दोन रिक्वेस्ट. चोर घरातच होता.

शोध नव्या थ्रेडपर्यंत आला तरी अडलाच. त्या थ्रेडच्या एरर-नोंदींमध्ये चालू रिक्वेस्टची माहिती मिसळलेली दिसत होती. पण पथकाने सुरुवातीला तिला अहवालापुरती सरमिसळ मानलं. युक्तिवाद बिनचूक होता : प्रत्येक रिक्वेस्टला रेल्स नवा कंट्रोलर देतं, मग एकाचं दुसऱ्यात जाणार कसं? लॉगमध्ये चुकीचं नाव पडणं आणि चुकीच्या माणसाला कुकी जाणं, यांत त्यांना दरी दिसत होती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली शिकण्याजोगी जागा हीच. सरमिसळ झालेली नोंद हा दोषाचा निरुपद्रवी चुलतभाऊ नव्हता, तो दोषच होता, फक्त अजून वाचण्यापुरता. वाचणारा थ्रेड लिहूही शकतो, एवढंच उरलं होतं.

कोडं सुटलं ते युनिकॉर्नच्या पोटात डोकावल्यावर. कंट्रोलर नवा असला तरी त्याच्या हाती पडणारं एन्व्ह नवं नसतं, हे तेव्हा लक्षात आलं. मग प्रयोगासाठी रिक्वेस्ट ठरावीक क्रमाने सोडून पाहिल्या, तरी गळती होईना. दोन लॉगिन केलेल्या रिक्वेस्ट पुरत नव्हत्या. सुरुवातीला तो निनावी वाटसरू घातला, तेव्हा कुठे सगळं जुळून आलं.

तीन दिवसांनंतर : शुक्रवार, ५ मार्च

नवा थ्रेड काढून टाकला. गळती थांबली. कुठली सेशनं दुसऱ्याच्या हाती गेली असतील, याचा लॉगमधून शोध सुरू झाला.

सहा दिवसांनंतर : सोमवार, ८ मार्च

दुसरी दुरुस्ती बसवली. एन्व्ह पुसून वापरायचं नाही, दर रिक्वेस्टला नवं बनवायचं. अकरा वर्षांची काटकसर संपली. थ्रेड गेल्यावर याची तातडीची गरज उरली नव्हती, तरी केलं हे उत्तम झालं. आज हा थ्रेड काढाल, उद्या दुसरं कुणीतरी वेगळ्या सद्हेतूने नवा आणेल.

आणि मग सगळ्यांना बाहेर काढलं. त्या दिवशी यूटीसी १२ वाजून ३ मिनिटांपूर्वी, म्हणजे भारतातल्या संध्याकाळच्या ५ वाजून ३३ मिनिटांपूर्वी, सुरू झालेलं प्रत्येक सेशन रद्द. पुण्यात, बंगळुरूत, बर्लिनमध्ये, सगळीकडे गिटहब पुन्हा पासवर्ड मागू लागलं. सुरक्षाप्रमुख माइक हॅनली यांनी त्याच दिवशी कारण जाहीर केलं : लॉगिन केलेल्या सेशनपैकी ०.००१ टक्क्याहून कमी सेशनांना हा प्रकार बाधला असावा. लाखात एकाहूनही कमी. ज्यांना बाधला त्यांच्याशी कंपनीने स्वतंत्रपणे संपर्क साधला. दहा दिवसांनी, १८ मार्चला, गिटहबचे इंजिनिअर डर्कयान बुसिंक यांनी सारी तांत्रिक हकिगत पायरीपायरीने लिहून काढली. सुरक्षेतल्या चुका कंपन्या सहसा दोन गुळमुळीत वाक्यांत उरकतात, त्यामुळे तो लेख अजून वाचनीय आहे. एन्व्हचा बदल युनिकॉर्नच्या ६.० आवृत्तीतून सर्वांसाठी आला.

दोन वर्षांनंतर : सोमवार, २० मार्च २०२३, पहाटे १ ते सकाळी १०

ठिकाण वेगळं, भाषा पायथन, कंपनी ओपनएआय, दोष मात्र त्याच जातीचा. पॅसिफिक वेळेनुसार पहाटे एक वाजता सर्व्हरवर एक बदल झाला आणि रेडिस या माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे गेलेल्या पण मध्येच रद्द झालेल्या विनंत्यांची संख्या एकदम वाढली. चॅटजीपीटी वापरणाऱ्यांची माहिती रेडिसच्या कॅशमध्ये असायची आणि तिथवर जाणारी कनेक्शनं पुन्हापुन्हा वापरली जायची. प्रश्न पाठवून झाला, उत्तर यायच्या आत विनंती रद्द झाली, तर उत्तर त्या कनेक्शनवर तसंच पडून राही. ते कनेक्शन पुढे ज्याच्या वाट्याला येई, त्याला आधीच्याचं उत्तर मिळे. बऱ्याचदा प्रकार न जुळल्याने एरर येई. कधीकधी जुळे. रेडिससाठीच्या पायथन लायब्ररीतला हा दोष होता.

भारतात तेव्हा दुपारी दीड ते रात्री साडेदहा, ऐन कामाचा दिवस. काहींना डाव्या बाजूच्या यादीत अनोळखी माणसांच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली. कंपनीने सेवा बंद केली. मग आणखी एक गोष्ट उघडकीस आली : त्या नऊ तासांत वापरात असलेल्या पैसे भरणाऱ्या सदस्यांपैकी १.२ टक्के लोकांचं नाव, ईमेल, बिलाचा पत्ता, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि मुदत दुसऱ्यांना दिसली असण्याची शक्यता होती. पूर्ण कार्ड क्रमांक मात्र कुठेच उघड झाला नाही.

लायब्ररीची दुरुस्ती झाली. त्याखेरीज ओपनएआयने आपल्या कोडमध्ये एक जादा तपासणी घातली : कॅशमधून आलेली माहिती, ज्याने मागितली त्याचीच आहे ना?